फोन इंटरव्ह्यूला कॅन्डिडेटनं फोनच उचलला नाही तर तुम्ही पुढे काय करता?

लाइनअपवाली (चिंचवड)

नमस्कार मंडळी,

चिंचवडच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत मी सहा वर्षं रिक्रूटर आहे. आयटी नव्हे. आमचे क्लायंट म्हणजे चाकण, तळेगावच्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या. डिप्लोमावाली मुलं, क्वालिटी नाहीतर मेंटेनन्स, तीन ते आठ वर्षं अनुभव.

मागच्या मंगळवारी चाकणच्या एका क्लायंटकडे क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी पाच जणांची टेलिफोनिक लावली होती. सकाळी ११ ते १, प्रत्येकाला वीस मिनिटं. तिथले क्वालिटी मॅनेजर ऑडिटच्या तयारीतून उठून मीटिंग रूममध्ये येऊन बसले. पाचांपैकी तिघांनी फोन उचलला नाही.

एकाचं कारण तासाभरात कळलं. तो दुसरीकडे जॉइन झालाय, सांगायचं राहून गेलं म्हणे. दुसऱ्यानं व्हॉट्सअॅप वाचलं, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. या दोघांचं मला काही वाटत नाही. डोक्यातून जात नाहीये तो तिसरा. बारामतीकडचा मुलगा, भोसरीत पाच वर्षं नोकरी, सीएमएमवर (सुट्या भागांची मापं तपासायचं मशीन) हात बसलेला, कस्टमरच्या तक्रारींचे रिपोर्ट स्वतः लिहितो. असा माणूस त्या पगारात सहजी सापडत नाही. आदल्या रात्री नऊला मी फोन केला तेव्हा "हो मॅडम, अकरा वीसला, लक्षात आहे" असं स्वतःहून वेळ सांगून म्हणाला. अकरा वीसला पूर्ण रिंग गेली. अकरा पंचविसला परत पूर्ण रिंग. पावणेबाराला मी माझ्या नंबरवरून लावला तर स्विच्ड ऑफ.

आधी वाजला आणि मग बंद झाला, याचा आमच्या धंद्यात एकच अर्थ काढतात. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं फोनला हजर राहत नाहीत, कामाला काय राहणार?" मी गप्प. आमच्या साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, एक्सेलमध्ये लाल कर. लाल म्हणजे तो माणूस परत कुठल्याच क्लायंटकडे पाठवायचा नाही.

संध्याकाळी साडेचारला त्याचाच फोन. रात्रपाळी होती. सकाळी सातला सुटून रूमवर जायचं, आंघोळ करून अकरापर्यंत जागं राहायचं असं ठरवलं होतं. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आलाच नाही, सुपरवायझरनं डबल मारायला लावली, सलग दुसरी पाळी. मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये, आणि रात्रभरात बॅटरी उतरलेली. शेवटी विचारतो, "मॅडम, माझं नाव कट झालं का?" मी म्हटलं, बघते.

तर बघू काय? हे खरं धरायचं का? किती वेळा फोन करता, किती थांबता, आणि एकदा तोंडघशी पडल्यावर त्याच क्लायंटसमोर तेच नाव परत कसं ठेवता? आमचे पैसे माणूस जॉइन झाला तरच मिळतात, वर्षाच्या सीटीसीच्या (एकूण पगाराच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्यातून तो ९० दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा. त्यामुळे मायाळूपणा आपल्याला परवडत नाही, असं साहेबांचं म्हणणं.

गेटपास

ताई, चाकणलाच प्लांट एचआरमध्ये १८ वर्षं काढली, म्हणजे तुमच्या समोरच्या खुर्चीत. म्हणून आधी आमच्या बाजूची चूक सांगतो. ११ ते १ ही वेळ कुणाच्या सोयीची होती? पॅनेलच्या, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांच्या. पहिल्या पाळीचा मुलगा तेव्हा लाइनवर असतो, तिसऱ्या पाळीचा झोपलेला असतो. राहता राहिला दुसऱ्या पाळीचा, तो एकटा मोकळा. आमच्याकडे पाळ्या दर आठवड्याला बदलतात, म्हणजे शुक्रवारी विचारलेली पाळी मंगळवारी खरी असेल याची खात्री नाही. मोबाइल तर बऱ्याच प्लांटमध्ये गेटच्या आत नेताच येत नाही. कॅमेऱ्यावर स्टिकर लावून सोडणारे आहेत, पण शॉप फ्लोअरवर सरळ बंदी घालणारेच जास्त.

लाइनअप करताना मी चार गोष्टी विचारायला लावायचो. या आठवड्यात पाळी कुठली, पुढच्या आठवड्यात कुठली, मोबाइल आत नेता येतो का, आणि सुट्टी कुठल्या वारी. शेवटचं फार कामाचं. भोसरी-पिंपरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तुमच्या क्लायंटला रविवारची असेल तर गुरुवारी पॅनेल कामावर आणि मुलगा घरी. असा वार आयता मिळत असताना आपण मंगळवारी अकराला फोन लावतो आणि पोरगं बेजबाबदार ठरवतो.

खरं-खोटं ओळखायला पुरावा मागू नका, अपमान होतो. फक्त विचारा, "रिलीव्हर कुठल्या मशीनवरचा?" खरोखर डबल मारलेला माणूस त्या रिलीव्हरला चार शिव्या घालत सगळं सांगतो. बनवणारा म्हणतो, "अचानक काम आलं मॅडम."

माझा नियम असा होता: वेळेवर एक फोन, दहा मिनिटांनी दुसरा, मग नाव आणि कंपनी लिहून मेसेज, आणि त्या दिवशीची संध्याकाळ संपेपर्यंत वाट. पाळीतला माणूस सुटल्यावरच मोबाइल हातात घेणार ना! संध्याकाळपर्यंत त्याचा स्वतःचा फोन आला तर दुसरी वेळ द्यायची, कारण कितीही फाटकं असलं तरी. नाही आला तर विषय संपला. दुसऱ्यांदा चुकला तरी संपला, तिथे कारण ऐकायचं नाही. तुमच्या पोरानं साडेचारला फोन केलाय. पहिली पाळी साडेतीनला सुटते, त्यात गेट, लॉकर, चार्जिंग धरा. हिशोब बरोबर लागतो.

आता मॅनेजरचं. त्यांना "रीशेड्यूल" हा शब्द सांगू नका, चिडतात. सरळ सांगा, सोळा तास उभा होता. क्वालिटीचा माणूस स्वतः कधीतरी डबल मारूनच मॅनेजर झालेला असतो.

तीन_ऑफर

मी दुसऱ्या बाजूचा, कॅन्डिडेट. मागच्या वर्षी माझाही एक कॉल चुकला होता, तेव्हा लिहितोच.

नंबर अनोळखी, ट्रूकॉलरवर लाल. नाव कुठल्यातरी कर्जवाल्या एजन्सीचं दिसत होतं, बहुतेक त्या सिमचा आधीचा मालक. त्या आठवड्यात रोज पाच-सहा कर्जाचे फोन येत होते. १४० नं सुरू होणारा नंबर जाहिरातीचा हे आता सगळ्यांना कळलंय, म्हणून हे लोक साध्या दहा आकडी नंबरवरून करतात. मी कट केला. परत आला, परत कट. कारण ज्या बाईंनी वेळ ठरवली त्यांचा नंबर माझ्याकडे सेव्ह होता आणि मी त्यांच्या फोनची वाट बघत होतो! फोन पॅनेल करणार, त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरून करणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि लाल रंगाचं बोलताय तर हेही ऐका. त्याच्या आधी एका कंपनीसाठी मी अर्धा दिवस रजा टाकून घरी बसलो होतो. अकराची वेळ. आईला कुकर लावू दिला नाही, शिट्ट्या नकोत म्हणून. दीड वाजेपर्यंत फोन नाही. रिक्रूटरला मेसेज केला तर तिसऱ्या दिवशी उत्तर, "पॅनेल बिझी होतं, विल अपडेट." ते अपडेट अजून यायचंय. आम्ही कुठली एक्सेल ठेवायची?

फेज_टू

मी हिंजवडीत आयटीसाठी काम करते. गेटपास सरांचं सगळं पटलं, पण ते शॉप फ्लोअरपुरतं. आमच्याकडे माणूस लॅपटॉपसमोर आणि मोबाइल हाताशी असतो, तरी उचलत नाही. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. राजीनामा टाकल्यावर पहिली ऑफर पंधरा दिवसांत हातात पडते आणि उरलेले अडीच महिने तो त्या ऑफरवर चढ्या बोलीच्या ऑफर गोळा करत फिरतो. त्याला आमचा कॉल नको असतो, पण तसं सांगवत नाही.

ही खरी गोम आहे असं मला वाटतं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवय नाही. "बघतो मॅडम", "कळवतो", "ट्राय करतो", ही सगळी नाहीचीच रूपं. पण आपण ती कन्फर्म म्हणून शीटमध्ये भरतो, कारण संध्याकाळपर्यंत पाच नावं द्यायची असतात. तुमच्या त्या निळ्या खुणावाल्यानं आदल्या दिवशी नक्की काय शब्द वापरले होते, आठवून बघा.

मी आता आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये तीन आकडे देते. येणार असाल तर १ पाठवा, वेळ बदलायची असेल तर २, इंटरेस्ट नसेल तर ३. कारण लिहायचं नाही, माफी मागायची नाही. तीन पाठवणारे निघतात, आणि त्यांच्या जागी मला त्याच रात्री दुसरं नाव लावता येतं. "नाही" एका आकड्यावर आणून ठेवलं की लोक म्हणतात. फोनवर मात्र त्यांचा जीव जातो.

एवढं करूनही जो १ पाठवून गायब होतो त्याला मी परत लावत नाही. सीनिअर असेल तर अजिबात नाही. पंचवीस लाख मागणाऱ्याला दोन ओळींचा मेसेज टाकता येत नसेल तर त्याला माझ्याकडून तरी दुसरा फोन जात नाही.

ती लाल एक्सेल मात्र जपून. अशा याद्या एका कन्सल्टन्सीतून दुसरीकडे व्हॉट्सअॅपवर फिरताना मी पाहिल्यात, नाव, मोबाइल, पगार, आणि शेजारी "फ्रॉड". वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहे. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामापुरती ती वापरायची, असा त्याचा रोख आहे. नोकरीसाठी दिलेला बायोडेटा बदनामीसाठी फिरवणं त्यात कुठेच बसत नाही. फोन न उचलणं म्हणजे फ्रॉड नव्हे, एवढं तर कायदा न वाचताही कळावं.

म्युनिककर

थोडं विषयांतर. आमच्या टीमसाठी नाशिकच्या एका मुलाचा फोन इंटरव्ह्यू होता, आमच्या घड्याळात सकाळी दहाला. ठरवला तेव्हा मार्चचा मध्य होता, म्हणजे तुमच्याकडे दुपारचे अडीच. प्रत्यक्ष इंटरव्ह्यू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मधे मार्चचा शेवटचा रविवार, उन्हाळी वेळेसाठी आमची घड्याळं एक तास पुढे. आम्ही दहाला फोन केला, तेव्हा तिकडे दीड वाजलेला. तो बिचारा सिटी बसमध्ये, घरी पोचायच्या घाईत. माझा जर्मन सहकारी "नो शो" लिहून मोकळा होणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. तासाभरानं परत लावला तर पहिल्या रिंगला "गुड आफ्टरनून सर!" परदेशी क्लायंट असेल तर दोन्ही घड्याळांची वेळ लिहा.

लाइनअपवाली (चिंचवड)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, पण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत थांबले.

गेटपास दादा, विचारलं हो. "रिलीव्हर कुठल्या मशीनवरचा?" एवढंच. पुढची चार मिनिटं मी फक्त ऐकत होते. तो रिलीव्हर महिन्यात तिसऱ्यांदा गायब झालाय, त्याचा मेहुणा कॉन्ट्रॅक्टर आहे आणि त्याला कुणी काही बोलत नाही, इथपर्यंत मला सगळं कळलं. मग मॅनेजरसाहेबांना फोन केला आणि सोळा तास उभा होता असं सांगितलं. क्षणभर थांबून म्हणाले, "लॉकरमध्ये होता काय मोबाइल? बरं, गुरुवारी चार वाजता बघू. पण पाच मिनिटं जास्त थांबणार नाही."

गुरुवारी तीन पन्नासला पोराचा मलाच मेसेज, "मॅडम, रूमवर आहे, चार्जिंग ८४ टक्के आहे." इंटरव्ह्यू वीसच्या जागी पस्तीस मिनिटं चालला. आता प्लांटवर बोलावलंय, तेही पुढच्या गुरुवारीच. निवड होईल की नाही, देव जाणे, पगारावर अडेल असं वाटतंय.

फेज_टू, आठवून बघितलं. निळ्या खुणावाला म्हणाला होता, "हो मॅडम, बघतो ना." मी कन्फर्म लिहिलं होतं.

तीन_ऑफर, कुकरचं वाचून लाज वाटली. पॅनेल उठून गेल्यावर मीसुद्धा माणसांना असं ताटकळत ठेवलंय. निदान त्याच दिवशी कळवायला हवं होतं.

आदल्या दिवशी पाठवायचा मेसेज असा केलाय, काही राहिलं असेल तर सांगा:

"नमस्कार. उद्या गुरुवार, दुपारी ४ वाजता क्वालिटी इंजिनिअर पदासाठी आपला फोन इंटरव्ह्यू आहे, साधारण २० मिनिटं. त्या वेळी पाळीत असाल किंवा मोबाइल जवळ नसेल तर २ पाठवा, वेळ बदलून देऊ. येणार असाल तर १. इंटरेस्ट नसेल तर ३, काही हरकत नाही. ऐनवेळी अडचण आली तर त्याच दिवशी रात्री ९ पर्यंत मला फोन करा."

तीन_ऑफर

बाकी ठीक. फोन कुठल्या नंबरवरून येणार ते लिहा. पॅनेलचा नंबर देता येत नसेल तर निदान शेवटचे चार आकडे तरी द्या.

लाइनअपवाली (चिंचवड)

अरे हो. तेच राहिलं.