विषय: चीफटन्सची पहिली रेकॉर्ड आणि मुखपृष्ठावरचा ओळखीचा हात

नमस्कार मंडळी,

शेजारच्या आजी मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. जाताना त्यांनी एक जुनी रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली, चीफटन्स या आयरिश लोकसंगीत वाजवणाऱ्या संचाचा पहिला अल्बम. त्यात गाणं एकही नाही, नुसतं वाद्यवादन. आमच्या घराला मात्र ती नवीकोरीच, आणि गेले दहा दिवस पोळ्या लाटल्या जातात त्या तिच्याच तालावर.

ऐकण्याआधी कितीतरी वेळ मी मुखपृष्ठच बघत बसले. कलाकारांचे हसरे फोटो वगैरे काही नाहीत. चित्र कोणाचं म्हणून शोधलं, तर एडवर्ड डिलेनी! म्हणजे स्टीफन्स ग्रीन या डब्लिनच्या बागेच्या ईशान्य कोपऱ्यातला, वुल्फ टोन या आयरिश क्रांतिकारकाचा पुतळा घडवणारे शिल्पकार. त्या पुतळ्यामागे दगडी खांबांच्या आडोशाला दुष्काळाचं शिल्प आहे ना, तेही त्यांचंच. ऑफिसला जाताना मी रोज त्याच्या शेजारून जाते. काटकुळे पाय, चेहरे जेमतेम उमटलेले, सोबत एक कुत्रा. डिलेनी मेणाचा नमुना करून ब्राँझ स्वतः ओतायचे आणि वरचा खडबडीतपणा तसाच राहू द्यायचे. पावसात ते अंग ओलं झालं की झाडाची साल वाटते.

मला हे संगीतही तसंच वाटलं. बासरी, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) सगळे एकच चाल धरतात, पण हरकती ज्याच्या त्याच्या. कुणी आधी वळतं, कुणी किंचित मागून. ‘कोम्ब युअर हेअर अँड कर्ल इट’ लागलं की माझा सात वर्षांचा मुलगा टाळ्या वाजवत मोजतो, तीन, तीन आणि तीन. नऊ मात्रा. या प्रकाराला इथे स्लिप जिग म्हणतात.

इतकी वर्षं डब्लिनात राहून हे आत्ता ऐकलं, याची फार चुटपुट लागली आहे. जाणकारांनी अजून सांगावं.

नीता

---

नीता,

तुझी मेल वाचून मीही आमची प्रत कपाटातून काढली. आम्ही दोघं काल जेवण झाल्यावर दिवे मंद करून ऐकत बसलो.

हा संच १९६२ मध्ये जमला तो एका रेकॉर्डपुरताच. क्लाडा रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या गॅरेक ब्राउननी पाइप्सवादक पॅडी मोलोनींना वादक गोळा करायला सांगितलं. ‘चीफटन्स’ हे नाव सुचवलं कवी जॉन माँटेग्यू यांनी. क्लाडाची अगदी पहिली रेकॉर्ड होती १९५९ ची, लिओ रॉसम यांच्या पाइप्सची, आणि मोलोनी हे रॉसमचेच शिष्य.

पाइप्सकडे नीट कान दे. या आयरिश बॅगपाइपमध्ये, इलन पाइप्समध्ये, तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली भाता असतो, ‘इलन’ म्हणजेच कोपराचा. सनईमागे जसा एकजण सूर धरून बसतो, तसा सूर इथे वादकाच्या मांडीवरच असतो. शिवाय मनगटाच्या कडेने तो पट्ट्या दाबून स्वरमेळही देतो. एक माणूस बसल्या जागी किती कामं करतो बघ! ताल धरणारा बौरॉन हा बोकडाच्या कातड्याचा, आपल्या डफाच्या जातीचा.

माझी सर्वांत आवडती चाल ‘कासा अन टूगॉइन’, म्हणजे गवताच्या दोरीला पीळ देणं. मूळचं ते गाणं. घरात नकोसा झालेला एक पाहुणा असतो, त्याला बाई दोरी वळायला लावते. एकाने गवत पुरवायचं, दुसऱ्याने पीळ देत मागे मागे सरकायचं. सरकता सरकता पाहुणा उंबऱ्याबाहेर जातो आणि दार बंद! डग्लस हाइड यांनी यावर आयरिश भाषेत नाटक लिहिलं, १९०१ मध्ये ते डब्लिनला रंगमंचावर आलं. पुढे हेच हाइड देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. गोष्ट गमतीची, पण चाल मात्र विलक्षण हळवी आहे. ती बाहेर राहिलेल्याची बाजू सांगते, असं मला दर वेळी वाटतं.

तुझा टोनचा पुतळा १९७१ मध्ये बाँबने उडवला होता. आत्ता दिसतो तो पुन्हा ओतलेला.

आनंदकाका

---

काका,

दोरीची गोष्ट वाचली आणि चाल पुन्हा लावली. आमच्या गुहागरच्या घरी आजी सुंभ वळायची. मी काथ्या पुरवायचे आणि ती पीळ देत मागे जायची, थेट अंगणातल्या तुळशीपर्यंत. दोरी लांबली की तिचा आवाज लहान व्हायचा, मग ती ओरडून सांगायची, ‘सोडू नकोस गं!’ आता त्या चालीत पाइप्स वर चढतात तेव्हा मला ते अंगण दिसतं, आणि पोळी तव्यावर तशीच राहते.

शेजारच्या आजींना फोन करून हे सांगितलं. त्यांच्या वडिलांनीही गवताची दोरी वळलेली, त्यांनी लहानपणी गवत पुरवलेलं. आम्ही दोघी कितीतरी वेळ दोऱ्यांबद्दलच बोलत होतो.

रविवारी अकरा वाजता मी स्टीफन्स ग्रीनला दुष्काळाच्या शिल्पापाशी थांबते. मुखपृष्ठ पिशवीत घालून आणते, दोन्ही शेजारी ठेवून बघू. नंतर सगळ्यांनी आमच्याकडे या, पोहे करते आणि रेकॉर्ड लावू. पाऊस असला तरी या.

नीता