अनुभव धागा : फॉर्म्युला वनचे २०२६ चे नियम आणि आपण कोकणातले

रत्नागिरी (धागाकर्ता)

मार्चमध्ये मेलबर्नला नवा हंगाम सुरू होतोय आणि गाडी पार मुळापासून बदललेली असणार आहे. बातम्या वाचायला वेळ मिळाला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन तेच १.६ लिटर व्ही-सिक्स टर्बो, पण त्याची ताकद साधारण ५५० किलोवॅटवरून ४०० च्या आसपास येणार आणि विजेच्या मोटरची १२० वरून ३५० वर जाणार. डीआरएस (पुढच्याला गाठायला मागचा पंख उघडायचं बटण) बंद. त्याऐवजी सरळ रस्त्यावर सगळ्यांनाच पुढचे-मागचे पंख सपाट करता येणार, आणि पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तर वर जादा वीज. किमान वजन ३० किलोने कमी होऊन ७६८. गाडी १० सेंटिमीटर अरुंद, २० सेंटिमीटर आखूड.

आमच्या ग्रुपवर यावरून सरळ दोन तट पडलेत. गाडं एकाच ठिकाणी रुतलंय : बॅटरी वाचवत चालवायची, तर ती शर्यत कसली? माझंही मत तेच आहे, लपवत नाही. पण यूट्यूबवर ऐकलेलं इथे परत ओतू नका. स्वतः पाहिलेलं, हाताळलेलं लिहा. आधी कधी नियम बदलले तेव्हा काय वाटलं ते, नाहीतर तुमच्या धंद्यात असलं काही रोज हाताखाली येत असेल तर ते.

साखरपा

मी रत्नागिरी-कोल्हापूर भाडी मारतो, गाडी इलेक्ट्रिक. तेव्हा वीज ‘साठवणं’ म्हणजे काय ते आंबा घाटात रोज बघतो. चढताना चार्ज डोळ्यांदेखत उतरतो. पाठीमागची मंडळी गप्पांत असतात, माझं लक्ष आकड्यावर. उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की गाडी स्वतःच आवळते आणि दोन-तीन टक्के परत येतात. पण घाटमाथ्यावर कुणी बॅटरी काठोकाठ भरून घेतली आणि लगेच खाली निघाला, तर ती आवळ मिळतच नाही, कारण वीज ठेवायला जागाच नसते. मग नुसता ब्रेक. साखरप्याला उतरेपर्यंत चाकांना वास येतो.

फॉर्म्युला वनमध्ये हेच आहे, फक्त सेकंदांत. बॅटरीतून वापरायला एका वेळी ४ मेगाज्यूल. ३५० किलोवॅटने ओढलीत तर साडेअकरा सेकंदांत खडखडाट. मग लॅपभर, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, ब्रेक लावताना पुन्हा भरायची. मोनाकोसारख्या वळणांच्या जागी भरपूर मिळेल. इटलीतल्या मोंझाला ब्रेक कमी आणि सरळ रस्ता लांब, तिथे खरी पंचाईत. तिथेच ड्रायव्हर सरळ रस्त्यावर पाय उचलताना दिसतील. धागाकर्ते म्हणतात ही शर्यत नाही. दादा, मोकळी गाडी घेऊन कोल्हापूरहून कधी एकटे उतरून बघा. कुठे पाय उचलायचा हे ज्याला कळतं त्याची सरासरी चांगली येते, जोरात पळवणाऱ्याची नाही.

देवगड

वय झालंय, त्यामुळे जुनी गोष्ट. २००५ साली नियम आला की पात्रता फेरी आणि शर्यत मिळून एकच टायरचा संच, मध्ये बदलायचा नाही. आम्ही चार टाळकी केबलवर बघायचो, आणि तो नियम कुणालाच पटलेला नव्हता. त्या वर्षी जूनमध्ये इंडियानापोलिस. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, बाहेर पाऊस मरणाचा, वीज येतेय-जातेय. शर्यतीआधीची सरावाची संथ फेरी, फॉर्मेशन लॅप, झाली आणि मिशेलिन टायरवाल्या १४ गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या. तिथल्या बँकिंगच्या, म्हणजे एका बाजूला कललेल्या, वळणावर त्यांचे टायर टिकत नव्हते. आम्हाला वाटलं केबलवाल्याने काहीतरी घोळ केला! ट्रॅकवर राहिल्या सहा गाड्या, आणि त्यातल्या जॉर्डन संघाच्या एका गाडीत आपला नारायण कार्तिकेयन. चौथा आला, पाच गुण. भारतीय ड्रायव्हरला फॉर्म्युला वनमध्ये आजवर मिळालेले तेवढेच.

अमेरिकेत लोकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या आणि आम्ही इकडे मध्यरात्री चहा टाकला. पुढच्या वर्षी टायर बदलायला पुन्हा परवानगी मिळाली. म्हणून सांगतो, नियम वाईट की चांगला हे जानेवारीत ठरवू नका. एवढा गाढव नियमसुद्धा आपल्याला पाच गुण देऊन गेला.

मालवण

माझा होड्यांच्या इंजिनांचा धंदा. इंधनावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ‘शाश्वत इंधन’ ऐकलं की गिऱ्हाईक लगेच म्हणतो, म्हणजे आपलं इथेनॉलवालं पेट्रोल ना? नाही. फॉर्म्युला वनने २०२२ पासून १० टक्के इथेनॉल मिसळलेलं वापरलं, पण आता येतंय ते १०० टक्के वेगळं. झाडपाल्याच्या उरलेल्या कचऱ्यातून, शहराच्या कचऱ्यातून किंवा हवेतला कार्बन पकडून बनवायचं. खाण्याच्या पिकातून नाही.

इथेनॉलचा अनुभव मात्र मला आहे. पावसाळ्यात दोन महिने होडी वर काढून ठेवली आणि टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, की ते हवेतलं पाणी ओढतं. पहिली खेप घालायच्या आधी माझ्याकडे येतात. कार्ब्युरेटरची वाटी उघडली की तळाला वेगळा थर दिसतो, वर पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉल. पितळेच्या जेटवर हिरवट बुरा. सुईने साफ करावं लागतं एकेक भोक. हे सगळं खाऱ्या दमट हवेत. रेसच्या गाडीत इंधन आठवडाभर पडून राहत नाही, त्यामुळे त्यांना ही कटकट नाही. पण नवं इंधन आलं की सगळे सील, पाइप, नळ्या नव्याने बघाव्या लागतात, एवढं खरं. पहिल्या दोन-चार शर्यतींत धूर निघालेल्या गाड्या दिसल्या तर मला नवल वाटणार नाही.

कुडाळ

माका विचारशात तर डीआरएस गेलो ता बरा झाला. बटण दाबलां नि फुडे गेलो, ह्येका काय ओव्हरटेक म्हणतत? बाकी माका कळणा नाय.

अलिबाग

बॅटरी वाचवणं ही शर्यत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे वाळूवर बैलगाडीची शर्यत बघावी. भरती उतरली की पुळण कडक असते तेवढ्या वेळातच सगळा खेळ. जो हाकणारा सुरुवातीलाच जोडी पूर्ण सोडतो त्याची गाडी निम्म्यानंतर मागे. जाणकार बैलाचा दम राखून ठेवतो. मधे कित्येक वर्षं बंदी होती, मग २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम केला, आता पराणी-चाबूक चालत नाही. तेव्हाही म्हातारे म्हणायचे, मजा गेली. गेली नाही. ज्याला नुसतं टोचता येत होतं तो मागे पडला.

चिपळूण

मी मेकॅनिकल शेवटच्या वर्षाला, आमच्या कॉलेजच्या स्टुडंट फॉर्म्युला टीममध्ये आहे, एकटी मुलगी वगैरे नाही, आम्ही पाच जणी आहोत. 😊 आम्हाला नियमपुस्तिका मिळाली की सीनियर पहिली गोष्ट शिकवतात : काय ‘करू नका’ लिहिलंय ते सगळेच वाचतात, तुम्ही काय लिहिलेलं नाही ते वाचा. २००९ ला ब्रॉन संघानं हेच केलं. डाउनफोर्स (गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर) कमी करायला नियम बदलले होते, त्यांनी दोन मजली डिफ्यूझर (गाडीच्या मागच्या बाजूला खालून हवा बाहेर सोडणारा भाग) बसवला आणि त्यांच्या जेन्सन बटन या ड्रायव्हरने पहिल्या सातपैकी सहा शर्यती मारल्या. २०१४ ला इंजिनं बदलली, तर पुढची आठ वर्षं संघांचं विजेतेपद मर्सिडीजकडेच.

आताही वाद पेटलाच आहे. इंजिनचं कॉम्प्रेशन गुणोत्तर (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १८ वरून १६ वर आणलं, पण मोजायचं गार इंजिनात. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो, तेव्हा ते वाढलं तर? यावरून कंपन्यांची आपसात जुंपली आहे. मला हाच भाग सगळ्यात आवडतो, खरं सांगायचं तर शर्यतीपेक्षा जास्त.

साखरप्याच्या काकांना एक पुरवणी : वेग ताशी २९० किलोमीटरच्या वर गेला की पुढच्या गाडीची वीज नियमानेच कमी कमी होत जाते. मागून एका सेकंदात असलेल्याला मात्र ३३७ पर्यंत पूर्ण मिळते. म्हणजे कुडाळच्या दादांचं बटण गेलेलं नाही, पंखातून बॅटरीत गेलंय. फरक इतकाच, की आता ती वीज ड्रायव्हरला आधी वाचवलेली असावी लागते.

गुहागर

आम्ही घरगुती खानावळ चालवतो, दोन खोल्याही देतो. तांत्रिक मला कळत नाही, पण २०११ ला ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मी आणि माझा भाऊ गेलो होतो. ते व्ही-एट. गाडी दिसायच्या आधी छातीत कळायची. कापूस घालूनही संध्याकाळी कानात भुणभुण. व्हेटेल जिंकला, आणि पुढच्या दोन्ही वर्षी तोच जिंकला. मग इकडची शर्यतच बंद पडली आणि २०१४ ला इंजिनंही बदलली. त्या वर्षी मेलबर्नची पहिली शर्यत लावली तर भाऊ म्हणाला, टीव्हीचा आवाज वाढव. वाढवलेलाच होता.

त्यामुळे माझी तक्रार बॅटरीवर नाही, आवाजावर आहे. इंजिनची ताकद आणखी कमी होणार तर उरलंसुरलं तेही जाणार. चिपळूणच्या ताई, तुमच्या नियमपुस्तिकेत आवाजाचं काही असेल तर सांगा.

रत्नागिरी (धागाकर्ता)

साखरपा आणि अलिबागने मिळून मला चांगलंच घेरलंय. मत बदललं नाही, पण मोंझाची शर्यत आता त्या नजरेने बघणार. पाय उचलताना कोण कुठे उचलतो ते मोजायचं. गुहागर ताईंच्या आवाजाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

८ मार्च, रविवार, आपल्याकडे सकाळी साडेनऊ. माझ्याकडे मोठा टीव्ही आहे, इन्व्हर्टर आहे. येणाऱ्यांनी कळवा.

देवगड

शिमग्याचे दिवस आहेत हो ते. साडेनऊला पालखी दारात आली तर काय, तिला सेफ्टी कारच्या मागे थांबवू?

गुहागर

आमच्या वाडीत पालखी त्याच दिवशी आहे. कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवा आणि निकाल इथे दुपारपर्यंत लिहू नका, विनंती.