मदत हवी आहे : साखर १८६, छाती स्वच्छ, तरीही रक्ताचा पीएच ७.२३ इतका आम्लाकडे कसा?

रातपाळीवाला : ५८ वर्षांच्या एका मधुमेही बाईंना दोन दिवसांपासून उलट्या होत होत्या आणि आज संध्याकाळी धाप लागली म्हणून आमच्याकडे आणले आहे. श्वास मिनिटाला ३४ आणि खोल आहेत. पण छाती आणि एक्स-रे दोन्ही स्वच्छ असून ऑक्सिजन ९८ टक्के आहे. दमा समजून दोनदा नेब्युलायझर लावला, तेव्हा त्यांनी मास्कच ओढून फेकला. एबीजीत (धमनीच्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.२३, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइड) २२ आणि बायकार्ब (आम्ल शमवणारा क्षार) ९ आहे. साखर केवळ १८६ असल्यामुळे डीकेए (मधुमेहात कीटोन नावाची आम्ले साठून रक्त आम्लयुक्त होणे) नाही, हे उघड आहे. मग हे आम्ल आले कुठून? कृपया लवकर सांगावे, वरिष्ठ फोन उचलत नाहीत.

मूत्रपिंडमित्र : सोडियम आणि क्लोराइड कुठे आहेत? ते नसतील तर ॲनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करून उरणारा आकडा; रक्तात जास्तीचे आम्ल साठले की तो वाढतो) काढता येत नाही, आणि गॅप माहीत नसताना कारण शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळते), लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे प्रमाण), पोटॅशियम आणि चालू औषधेही लिहावीत.

गावचा डॉक्टर : बायकार्ब ९ असताना आकडेमोड कसली करता? सोडाबायकार्ब चालू करा. मी तीस वर्षे देत आलो आहे.

मूत्रपिंडमित्र : डॉक्टरसाहेब, आदर राखून असहमत आहे. डीकेए निघाला, तरी पीएच ७ च्या खाली गेल्याशिवाय सोड्याचा विचार सहसा होत नाही. शिवाय त्याने पोटॅशियम खाली येते आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहते.

रातपाळीवाला : सोडियम १३६, क्लोराइड १००, पोटॅशियम ३.९, क्रिएटिनिन १.३, लॅक्टेट २.१. औषधे मधुमेहाची नेहमीचीच आहेत.

मूत्रपिंडमित्र : १३६ मधून १०० आणि ९ वजा केल्यावर गॅप २७ येतो, साधारणपणे तो ८ ते १२ असतो. बायकार्बची दीडपट अधिक आठ, म्हणजे २१.५ च्या फार तर दोनने वर-खाली पीसीओटू असायला हवा आणि तो २२ आहे. म्हणजे फुप्फुसे आपले काम चोख करत आहेत; ती धाप हा आजार नसून भरपाई आहे. ॲडॉल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये वर्णिलेला श्वास तो हाच. एवढ्याशा लॅक्टेटने आणि क्रिएटिनिनने २७ चा गॅप होत नाही. कीटोन पाहिले का? आणि ‘नेहमीची’ म्हणजे नेमकी कोणती औषधे?

मालाडकर : दारूचा इतिहास विचारला का? २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, आणि अशा दारूतल्या मिथेनॉलमुळेही गॅप असाच वाढतो. नजर धूसर झाली आहे का, ते विचारा.

निसर्गप्रेमी : शरीर आम्लयुक्त झाले असेल तर रोज सकाळी लिंबूपाणी द्यावे.

मालाडकर : त्या बाईंच्या पोटात पाणीही ठरत नाही हो.

रातपाळीवाला : दारू नाही, नजर ठीक आहे. सुनेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मेटफॉर्मिनबरोबर डॅपाग्लिफ्लोझिनची अर्धी रिकामी पट्टी सापडली. उलट्या होत असतानाही डॅपाग्लिफ्लोझिन चालूच होती. लघवीची कीटोनपट्टी गडद जांभळी झाली आहे.

मूत्रपिंडमित्र : मग हा डीकेएच आहे, फक्त साखरेचा मुखवटा नाही. डॅपाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे ग्लुकोमीटर शांत दिसतो. पण इन्शुलिन अपुरे आणि पोट रिकामे असले की कीटोन तयार होत राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१५ मध्येच याचा इशारा दिला होता. आपल्याकडे २०२० मध्ये पेटंट संपल्यावर गोळी स्वस्त झाली, म्हणून असे रुग्ण आता तालुक्यालाही भेटणार. दोन्ही गोळ्या थांबवा, सलाईन द्या, आणि साखर कमी असल्यामुळे इन्शुलिनबरोबर सुरुवातीपासूनच डेक्स्ट्रोज ठेवा. पोटॅशियम दर दोन तासांनी पाहा, ते घसरणार आहे. वरिष्ठांना मात्र फोन करत राहा.

गावचा डॉक्टर : आमच्या वेळी ही गोळीच नव्हती.

रातपाळीवाला : साखर १४० वर आली तर इन्शुलिन बंद करू ना?

मूत्रपिंडमित्र : नाही. डेक्स्ट्रोज वाढवा. इन्शुलिन साखरेसाठी नाही, कीटोनसाठी चालू आहे. गॅप १२ च्या आत येईपर्यंत ते थांबवू नये.

रातपाळीवाला : पहाटेचे पाच. सोडियम १३८, क्लोराइड १०४, बायकार्ब १५. म्हणजे गॅप १९. श्वास २४ वर आले आहेत. वरिष्ठांनी आत्ता फोन उचलला.