मदत हवी आहे: खूर ते मिलान, बर्निना मार्गाने, आईबाबांसोबत

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या खूरहून बर्निना या आल्प्समधल्या रेल्वेमार्गाने, तिरानोमार्गे इटलीत मिलानला जायचं आहे. बाबा रेल्वेत होते, उभी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली. बोरघाटात 1:37 च्या (37 मीटरला 1 मीटर) चढाला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात आणि बर्निनाची गाडी 1:14 चा चढ दातेरी रुळाशिवाय 2,253 मीटरपर्यंत चढते, हे वाचल्यापासून ते वहीत पेन्सिलीने स्टेशनं उतरवून काढतायत. म्हणून मधे काही चुकायला नको.

काचेच्या छताच्या बर्निना एक्सप्रेसला तिकिटाशिवाय वेगळं आरक्षण लागतं. त्याच रुळांवरच्या साध्या गाडीला लागत नाही आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. माझा कल साध्या गाडीकडे आहे. पण जूनच्या गर्दीत तिघांना एकत्र जागा मिळते का? वाटेतला ब्रुसिओचा गोल पूल नीट दिसायला कुठल्या बाजूला बसावं?

दुसरी काळजी तिरानोची. आमचा स्विस पास तिथपर्यंत चालतो, पुढे मिलानचं इटालियन तिकीट वेगळं. तिरानोतली स्विस आणि इटालियन गाड्यांची स्टेशनं एकमेकांना लागून आहेत, पण आईचे गुडघे दुखतात आणि दोन मोठ्या बॅगा आहेत. मधे जिने आहेत का? गाडी बदलायला किती वेळ हाताशी ठेवावा? की तिरानोत एक मुक्काम करावा?

वयस्कर माणसांना घेऊन कुणी हा प्रवास केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.