मदत हवी आहे: रोजची स्विफ्ट, तीस हजारांचं बजेट, घरच्या घरी काय काय करता येईल?

वाईकरीण

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. २०२१ मध्ये सेकंड हँड घेतली, मीटर आता एक लाख आठ हजारांवर आहे. मी वाईला राहते आणि शिरवळला एका दवाखान्यात नर्स आहे. जाऊन-येऊन रोजचे ऐंशीएक किलोमीटर. दुपारपाळी असली की सुटायला रात्रीचे साडेनऊ होतात. मग खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्याला वळायचं आणि वडाच्या झाडांखालून वाई. ज्यांनी तो रस्ता रात्री पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथे चांदणंसुद्धा खाली पोचत नाही. त्यात कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. मागे रिफ्लेक्टर नाही, आणि लाल दिवा असलाच तर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबून झाकलेला. गेल्या डिसेंबरात अशीच एक ट्रॉली मला पंधरा-वीस पावलांवर आल्यावर दिसली. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. पण घरी येऊन गाडी लावल्यावर दहा मिनिटं मी तशीच सीटवर बसून होते.

दुसऱ्याच आठवड्यात एका दुकानात एलईडी बल्ब बसवून घेतले. भिंतीवर पांढराशुभ्र उजेड पडला, मला वाटलं काम झालं. रस्त्यावर मात्र समोरून येणारा प्रत्येक जण डिपर देत होता आणि मला स्वतःला लांबचं काही जास्त दिसत नव्हतं. पाऊस पडला त्या रात्री तर ओला डांबरी रस्ता नुसता काळा. शिवाय बल्बमागचा पंखा मावावा म्हणून त्या माणसाने लाइटच्या मागचं रबरी कव्हर कापून टाकलं होतं, ते मला नंतर कळलं. उजव्या लाइटच्या काचेत आतून थेंब धरले तेव्हा. बल्ब काढले, नवीन कव्हर आणलं, परत साधे हॅलोजन लावले. साडेतीन हजार गेले.

तर आता जे करीन ते नीट समजून करायचं आहे. गाडी सजवायची नाही. रात्री दिसलं पाहिजे, घाटात गाडी रस्ता धरून चालली पाहिजे, आणि आत आवाज जरा कमी झाला पाहिजे, कारण पाळी करून आल्यावर तो टायरांचा घोंघाट डोक्यात बसतो. मनात पंधरा इंची अलॉय चाकं आणि ब्लूटूथवाला स्टीरिओ पण आहे, ते लपवत नाही. बजेट तीस हजार, एकदम नाही, पाच-सहा महिन्यांत.

हत्यारं आहेत. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांचा रिंग पान्यांचा पूर्ण सेट, दोन स्टँड आणि मल्टिमीटर घरात आहे. त्यांना आता जवळचं नीट दिसत नाही, पण खुर्ची टाकून बाजूला बसतात आणि मी पाना फिरवला की आवाजावरून सांगतात, "अजून पाव फेरा घे." ऑइल, फिल्टर, प्लग, पुढचे ब्रेक पॅड मी आता स्वतःच बदलते.

अट एकच. काम रविवारी सुरू करून रविवारीच मिटलं पाहिजे. सोमवारी सकाळी गाडी दारात तयार हवी, दुसरी गाडी नाही.

सध्याच्या तक्रारी: लाइट मंद, काचा पिवळट. गतिरोधकावर पुढून डाव्या बाजूला खट्‌ आवाज. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. काय आधी करू, काय स्वतः करू आणि कशाला हात लावू नको, एवढं सांगा.

तांब्याची तार

ताई, लाइटचं मी सांगतो, तेवढंच मला नीट येतं.

एलईडीने जे झालं ते होणारच होतं. हेडलाइटचा रिफ्लेक्टर एच-४ बल्बच्या तारेसाठी बनवलेला असतो. ती तार ज्या जागी असते तिथून उजेड निघाला तरच तो रस्त्यावर योग्य ठिकाणी पडतो. जागा मिलिमीटरने हलली तरी उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्ता रिकामा राहतो. तुमच्या लाइटमध्ये हॅलोजनच योग्य, आणि तेही ६०/५५ वॅटचेच. १००/९० वॅटचे कुणी दिले तर घेऊ नका, होल्डर वितळतो.

नवीन काही घेण्याआधी मोजमाप करा. इंजिन चालू, लाइट चालू, बल्ब जोडलेला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. आधी बॅटरीवर किती येतात ते लिहा. मग एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं बल्बच्या कनेक्टरच्या प्लसवर मागून टेकवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वायरीत हरवतायत. तसंच मायनसचं मायनसशी. दोन्ही आकडे वेगवेगळे हवेत, कारण इलाज वेगवेगळा आहे. बल्बचा उजेड व्होल्टपेक्षा फार झपाट्याने पडतो. दहा टक्के व्होल्ट कमी पोचले तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो.

आकडे टाका, पुढचं सांगतो.

जुना फिटर

वाईकरीण, बाबांना माझा नमस्कार सांगा. आवाजावरून नट ओळखणारी माणसं आता कमी राहिली.

अलॉयचं मनात असू दे, पण आधी टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाच. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर आणि स्टेपनी, पाचही बघ. नक्षी भरपूर दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या घाटात ते धरत नाही. तुझा निम्मा घोंघाटही त्या कडक रबराचाच असेल.

डावीकडचा खट्‌ आवाज बहुतेक लिंक रॉडचा, म्हणजे अँटी-रोल बारला (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या छोट्या रॉडचा. हे काम घरी होतं. पुढची दोन्ही चाकं एकदम उचल. एकच उचललंस तर अँटी-रोल बार पीळ खाऊन बसतो आणि रॉड भोकात येत नाही. नट सोडताना आतला बॉल सोबत फिरतो, म्हणून रॉडच्या आटे असलेल्या खिळ्याच्या टोकाला ॲलन की लावून तो धरायचा आणि रिंग पान्याने नट फिरवायचा. जोडीनेच बदल, हजाराच्या आत-बाहेर खर्च येईल. गाडी स्टँडवरच ठेव, नुसत्या जॅकवर खाली डोकं घालू नको. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव.

शॉकअपला मात्र घरी हात लावायचा नाही. स्ट्रटची, म्हणजे शॉकअपभोवतीची, स्प्रिंग दाबलेली असते, दाबण्याचं हत्यार सटकलं तर हात-तोंड जातं. ते गॅरेजात कर.

थरथर आधी चाकांच्या बॅलन्सिंगने जाते का बघ. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे.

स्लो_स्पीड_सातारा

माझ्या मित्राने त्याच मॉडेलची स्प्रिंग दीड वेढा कापून गाडी खाली घेतली होती. वळणात मस्त बसायची म्हणे. पैसेही लागले नाहीत. विचार करायला हरकत नाही.

जुना फिटर

विचारसुद्धा करू नका. कापलेली स्प्रिंग आपल्या खोबणीत नीट बसत नाही, गाडी खड्ड्यात उसळली की जागा सोडते. शॉकअप त्या उंचीसाठी बनवलेला नसतो, चार महिन्यांत ऑइल सोडतो. आणि ही ताई रात्री एकटी घाटातून येते. तिला असा सल्ला देऊ नका.

पॉलिसी वाचणारा

कायद्याचं आणि विम्याचं थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाणारे बदल मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. झिजलेला भाग तसाच नवा घालणं म्हणजे दुरुस्ती, त्यात हे येत नाही. त्यामुळे तुमच्या यादीतलं बहुतेक निर्धास्त करा. अलॉय आणि स्टीरिओ घेतलेच तर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंदवा, नाहीतर चोरीला गेल्यावर त्यांचे पैसे मिळत नाहीत.

टायरचा हिशेबही करून ठेवलाय. तुमच्या गाडीला १६५/८० आर१४ येतात, बाहेरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर. त्याच पिढीच्या वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीनेच १८५/६५ आर१५ दिले होते, त्यांचा व्यास ६२१ च्या आसपास. म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, फेंडरला घासत नाही. पंधरा इंची घ्यायचंच तर हाच साइझ घ्या. पुण्यात नाना पेठेत किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडला कंपनीचे जुने अलॉय मिळतात. पण प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वाकलेलं चाक रंग मारून विकतात.

वाईकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवार सत्कारणी लागला.

तारदादा, आकडे असे. बॅटरीवर १३.९. प्लसच्या बाजूला १.२ हरवतायत, मायनसच्या बाजूला ०.६. म्हणजे बल्बला जेमतेम १२.१ पोचतायत.

फिटरकाका, टायर बघितले. पुढचे दोन मीच २०२२ ला घातलेले. मागच्या दोघांवर ०७१८. पावणेपाच वर्षं ही गाडी चालवतेय आणि तो शिक्का कधी वाचला नव्हता. स्टेपनीवर तर ३११३, गाडीबरोबर आलेली, एकदाही जमिनीला न लागलेली. बाजूला अंगठ्याने दाबून वाकवलं तर केसासारख्या भेगा उघडतात. ही स्टेपनी भरवशाची समजून मी रोज घाट चढत होते.

अलॉय रद्द. जुने अलॉय आणि चार नवे टायर म्हणजे सगळं बजेट तिथेच संपतं. चौदा इंचीच दोन नवे घेते, पुढे घालते. बरोबर ना?

जुना फिटर

नवे दोन मागे घाल, पुढचे पुढेच राहू दे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते, पाय काढला की सावरते. मागची सुटली तर शेपूट फिरतं, आणि ते रोजच्या चालवणाऱ्याला सावरत नाही. स्टेपनीलाही नवा टायर हवाच, पण तो पुढच्या महिन्यात घेतलास तरी चालेल. तोवर मागच्या दोघांतला बरा निवडून स्टेपनीत टाक. तेरा वर्षांच्या रबरापेक्षा आठ वर्षांचं बरं, तेही फक्त घरापर्यंत पोचायला.

तांब्याची तार

१३.९ मधले १.८ गेले, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के उजेड वायरीतच राहतोय. ट्रॉली उशिरा दिसली त्याचं कारण हे.

आधी फुकटचं काम. मायनसचे ०.६ बहुतेक गंजलेल्या अर्थिंगच्या जोडामुळे. लाइटच्या मागे वायर जिथे बॉडीला बोल्टने जोडली आहे तो बोल्ट काढा, खालचा पत्रा आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा, वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीचं मायनस आधी सोडायला विसरू नका.

मग रिले हार्नेस, म्हणजे रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) लावलेला तयार वायरींचा जोड. त्याने बल्बचा करंट बॅटरीतून थेट येतो, आणि स्टिअरिंगजवळचा स्विच फक्त रिले ओढतो. रिलेवर आकडे असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५-८६ ला जुनी वायर. दोन्ही अप्पर (लांबचा उजेड) मिळून नऊएक अँपिअर जातात, त्यामुळे फ्यूज पंधराचा पुरतो, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. गाडीची मूळ वायर कुठेही कापायची नाही, जुन्या बल्बचा कनेक्टर हार्नेसमध्ये घुसतो. म्हणजे काही बिघडलं तर दोन मिनिटांत परत पूर्वीसारखं. तुमची सोमवारची अट यातच सांभाळली जाते.

एक मात्र आधी तपासा. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत अप्पर-डिपरचा स्विच मायनसच्या बाजूला असतो. लाइट बंद असताना कनेक्टरच्या पिनांवर बारा व्होल्ट दिसले तर तुमची तशी आहे, मग हार्नेसही तसाच मागवायचा. दुकानदाराला आधी सांगा.

काचा पिवळ्या आहेत त्या पाण्यात भिजवलेल्या सँडपेपरने घासा, ८००, मग १५००, मग २०००, शेवटी पॉलिश. बाजूच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावून घ्या. वरून यूव्ही कोटिंग मारलंच पाहिजे. ते टाळलं तर पुढच्या उन्हाळ्यात काच पहिल्यापेक्षा पिवळी होते. सगळं झालं की सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा. डिपरच्या, म्हणजे जवळच्या उजेडाची, वरची कड लाइटच्या मध्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.

वाईकरीण

तीन रविवार गेले, हिशेब देते.

अर्थिंगचा बोल्ट काढला तर खाली तपकिरी भुकटीच होती. घासून बसवल्यावर मायनसचे ०.६ चे ०.१ झाले, खर्च शून्य. हार्नेस बाराशेला मिळाला. बसवायला मला पाच तास लागले, कारण बाबांनी प्रत्येक वायर फ्लेक्सिबल पाइपात घालून, एक्झॉस्टपासून लांबून, दर वीतभरावर बांधायला लावली. आता बल्बला १३.५ येतात. काचा घासताना डाव्या काचेवर ८०० चा ओरखडा राहिला, त्यावर १५०० ला अजून अर्धा तास घातला तेव्हा गेला.

काल रात्री सुरूरच्या पुढे वडाच्या बुंध्यांवरचे पांढरे पट्टे मला ओळीने दिसत गेले. कुणी डिपर दिला नाही.

लिंक रॉड बदलले, खट्‌ थांबलं. बॅलन्सिंगनंतर थरथर ऐंशीची पंच्याण्णववर गेली, पूर्ण गेली नाही. मागे नवे दोन टायर. आतापर्यंत सगळं मिळून साडेबारा हजार. स्टीरिओ जोडीचा कपलर (गाडीच्या मूळ वायरीत न कापता बसणारा प्लग) मिळाला की घेईन, वायर कापणाऱ्याकडून नाही.

आता आवाज कमी करायला दारांच्या पत्र्याला आतून चिकटवायचं डॅम्पिंग शीट लावायचं आहे. परवा डावं पॅनेल उघडलं तर आत एक पातळ प्लॅस्टिक काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेलं आहे, आणि दाराच्या अगदी तळाला तीन लांबट भोकं आहेत. प्लॅस्टिक फाडून टाकायचं का? आणि शीट तळापर्यंत न्यायचं का?

कोकणी गाडीवान

दोन्ही नाही. काचेवरून आत आलेलं पावसाचं पाणी त्या भोकांतून खाली जातं. ती बुजली तर दार आतून सडतं, आमच्याकडे रत्नागिरीला दोन पावसाळ्यांत पत्रा हातात येतो. आणि ते प्लॅस्टिक पाणी पॅनेलकडे येऊ देत नाही. डिंकाला हेअर ड्रायरने ऊब द्या, अखंड निघेल. काम झालं की तेच परत चिकटवा. शीट बाहेरच्या पत्र्याला आतून, मधल्या भागात लावलं तरी पुरतं, पत्र्याचा निम्मा भाग झाकला की टकटक मारल्यावर आवाज बदललेला कळतो. पॅनेलच्या क्लिपा चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा, जुन्या तुटतातच.

उरलेली थरथर मात्र चाकाच्या रिममध्ये असेल. पुढची चाकं मागे टाकून एकदा चालवून बघा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष त्या चाकांतच आहे, रिममध्ये किंवा टायरमध्ये.

वाईकरीण

उद्या पाळी सकाळची आहे, संध्याकाळी चाकं बदलून बघते आणि सांगते.