बॉटनी बे, फ्लॅटहेड आणि जिगहेडचं वजन

प्रेषक: नि., रॉकडेल

नमस्कार मंडळी,
सिडनीच्या बॉटनी बेमध्ये, ब्रायटन-ल-सँड्स ते डॉल्स पॉइंट या पट्ट्यात किनाऱ्यावरून सॉफ्ट प्लॅस्टिक (मऊ नकली आमिष, म्हणजे ल्यूर) वापरून फ्लॅटहेड हा चपट्या डोक्याचा मासा गरवायचा आहे. रॉड 7 फुटी, 3–6 किलोचा, रीळ 2500 आकाराचं, ब्रेडेड (विणलेली) लाइन 10 पौंडांची. दुकानात जिगहेड (डोक्याला वजन असलेला हुक) 1/16 पासून 1/2 औंसापर्यंत मिळतात. लांब जातं म्हणून 1/2 चंच घ्यावं का? आणि लीडर (लाइन आणि ल्यूर यांच्यामधला दोरा) किती जाड लावायचा?

प्रेषक: वि. काका, सॅन सूसी

नि.,
लांब फेकायचा सोस सोड. फ्लॅटहेड वाळूत अंग पुरून, डोळे तेवढे वर ठेवून पडून राहतो आणि भक्ष्य तोंडाशी आलं की झडप घालतो. बऱ्याचदा तो कमरेएवढ्या पाण्यातच असतो, म्हणजे तू उभा राहून ज्याच्या डोक्यावरून फेकणार तिथेच. त्यामुळे पाण्यात शिरायच्या आधी काठाला समांतर चार-सहा वेळा टाकून बघ.

आता वजन. हा मासा ल्यूर खाली येताना घेतो. मीटरभर पाण्यात अर्धा औंस धोंड्यासारखा आपटतो, माशाला दिसेपर्यंत ल्यूर तळाला गेलेलं असतं. दीड-दोन मीटर पाण्याला 1/8 औंस (3.5 ग्रॅम) बास. तीन-चार मीटरला 1/4. कॅप्टन कुक पुलाखालच्या चॅनेलमध्ये ओहोटीची ओढ असते तिथे 3/8. पक्कं ठरवायचं ते आकडे मोजून: ल्यूर पाण्यात पडल्यापासून लाइन ढिली होईपर्यंत मोज. तीन ते पाचात तळ लागला तर ठीक. एकातच लागला तर जड आहे. दहा झाले तरी लाइन वाहतेच आहे, तर वजन कमी पडतंय किंवा वाऱ्याने लाइनला पोट आलंय. पोट आलं असेल तर वजन बदलू नको, रॉडचं टोक पाण्याजवळ ने.

तळ लागला की रॉड घड्याळातल्या नवापासून अकरापर्यंत दोन छोट्या झटक्यांत उचल. मग टोक हळूहळू खाली आण. लाइन ताठ नको, लोंबतीही नको. तीन सेकंद थांब आणि पुन्हा तेच. नजर लाइन पाण्यात शिरते त्या जागी हवी. तिथे ‘टक्’ झालं, लाइन बाजूला सरकली किंवा वेळेआधीच ढिली पडली की समजायचं, घेतला. नुसतं सरळ रीळ फिरवत राहिलं की ल्यूर तळापासून हातभर वर पोहतं, आणि मग ‘मासाच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

प्लॅस्टिक 3–4 इंची, हुक 3/0. आधी प्लॅस्टिक जिगहेडशेजारी धरून हुकाचा बाक कुठे येतो तिथे नखाने खूण कर आणि हुक तिथूनच बाहेर काढ. वाकडं बसलं तर ल्यूर गरगरतं, लाइनला पीळ पडतो.

प्रेषक: मी. ताई, कर्नेल

काकांच्या हिशेबाला भरती-ओहोटीची जोड हवी. सुकतीचे शेवटचे दोन तास आणि भरतीचा पहिला तास, एवढीच वेळ धरा. पाणी उतरतं तशी उथळावरची कोळंबी आणि व्हायटिंगची पिल्लं (आपल्या मुडदुशीचीच भावंडं) कडेला येतात, आणि फ्लॅटहेड तिथे दबा धरून असतो.

जागा शोधायची तर पूर्ण ओहोटीला सिल्व्हर बीचवर खाली मान घालून चाला. उघड्या पडलेल्या वाळूत माशाचा ठसा दिसतो: एका टोकाला रुंद, चपट्या डोक्याचा त्रिकोण, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, जणू कुणी उलथनं दाबून उचललंय. कडा धारदार असतील तर ठसा त्याच पाण्याचा. गवताच्या कडेला किंवा ग्रॉइनच्या (पाण्यात काढलेल्या दगडी बांधाच्या) टोकाशी असे तीन-चार दिसले की जागा लक्षात ठेवा आणि पुढच्या सुकतीला, पाणी मांडीएवढं असतानाच या.

उधाणाला तुटलेलं समुद्री गवत फार वाहतं, दर फेकीला ल्यूर साफ करत बसावं लागतं. ब्रायटनला भांगाचे (लहान भरतीचे) दिवस बरे. उन्हाळ्यात दुपारी नॉर्थ-ईस्टर (ईशान्येचा वारा) सुटला की ब्रायटन आणि सिल्व्हर बीच दोन्हीकडे पाणी गढूळतं, म्हणून सकाळीच उरका. टाउरा पॉइंटच्या राखीव क्षेत्रात मासेमारीला पूर्ण बंदी असलेला भागही आहे. नकाशा बघूनच तिकडे वळा.

प्रेषक: स., हर्स्टव्हिल

लीडरचं उत्तर राहिलं. फ्लुओरोकार्बन, 12 पौंड, सव्वा मीटर. फ्लॅटहेडचे दात बारीक, कानशीसारखे. ते लाइन एका झटक्यात तोडत नाहीत, घासत नेतात. प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर लीडर नखावरून ओढून पाहा. खरखरीत लागला की तेवढा कापून नवी गाठ. 20 पौंडांचा लावला तर 1/8 चं ल्यूर ताठर चालतं. लाइन आणि लीडरच्या जोडाला एफजी गाठ उत्तम, वाऱ्यात जमत नसेल तर डबल युनी गाठ. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) किलोभर, त्याहून घट्ट नको.

काठाशी आल्यावर तो डोकं झटकतो, आणि बहुतेक मासे तिथेच सुटतात. डोकं पाण्याबाहेर काढू नका. रबरी जाळं आधीच पाण्यात ठेवून मासा डोक्याकडून आत घ्या. गालांवर दोन्ही बाजूंना काटे असतात, म्हणून खालचा जबडा ग्रिपने धरायचा, अंग ओल्या फडक्याने.

कायदा: डस्की फ्लॅटहेड 36 ते 70 सेंटिमीटरचाच ठेवता येतो, दिवसाला माणशी पाच. 70 च्या वरच्या अंडी देणाऱ्या माद्या असतात, त्या सोडायच्याच. परवाना वर्षाचा 35 डॉलर, 18 खालच्यांना नको. पीफास या प्रदूषक रसायनांमुळे या खाडीतला कोणता मासा किती खावा याची सरकारी सूचना आहे, ती वाचल्याशिवाय रवा लावून तळायला घेऊ नका. तुकड्या पातळ कापा. हा मासा तव्यावर जरा जास्त राहिला की चोथा होतो.

प्रेषक: नि.

आभार. ग्रॉइनच्या दगडांत जिगहेड अडकलं तर?

प्रेषक: वि. काका

रॉडने उपसू नकोस, रॉड मोडेल. लाइन सैल सोड, दगडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उलट दिशेने हलकेच ओढ. नाहीच सुटलं तर हाताला फडकं गुंडाळून लाइन सरळ रेषेत ओढून तोड. ब्रेडेड लाइन बोट कापते.

1/8 आणि 1/4 ची दोन-दोन पाकिटं घे, पुलासाठी 3/8 चं एक. आणि झेडमॅन कंपनीची प्लॅस्टिकं घेतलीस तर ती साध्या प्लॅस्टिकांच्या डबीत टाकू नकोस; एकमेकांना लागली की वितळून चिकट लगदा होतो. त्यांच्या मूळ पाकिटातच राहू देत.