वादळात पडलेली झाडं: लाकूडवाल्याला द्यावीत की वाडीतच जिरवावीत?

रायवळ:
3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात आदळलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याकडेने वर सरकलं. दोन्ही वेळा पाऊस तोंडावर होता. अशा घाईत बागायतदार दारात आलेल्या पहिल्या लाकूडवाल्याला सांगून टाकतो, “वाडी साफ करून दे, लाकूड तुझं.” हा सरळ तोट्याचा सौदा आहे. फणस, ऐन, किंजळ, जुना रायवळ (कोयीपासून वाढलेला) आंबा यांची खोडं सरपणाच्या भावात जाताच कामा नयेत.

आधी माप घ्या. खोडाच्या मध्यावर घेर इंचात मोजा, चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला फुटातल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा. घेर 60 इंच, लांबी 10 फूट असेल तर 15 × 15 × 10 ÷ 144, म्हणजे साडेपंधरा घनफुटांच्या थोडं वर. त्याच ओंडक्याचं खरं घनफळ वीसच्या जवळ जातं. म्हणजे बाजाराच्या या मापातच पाचवा हिस्सा आधी सुटलेला असतो. त्यावर कोणी सालीची आणखी वजावट मागितली तर साफ नाही म्हणा. फणसाच्या चौकटी आणि दारं घरात पिढ्यान् पिढ्या टिकतात. ते लाकूड विटभट्टीत जाताना बघवत नाही.

पातेरा:
रायवळ, माप बरोबर आहे, पण ते कुणाच्या वाडीत लागू पडतं? बहुतेक पडझड हापूसच्या कलमांची असते. कलमाला खालूनच फांद्या फुटतात. सरळ खोड चार-पाच फूट मिळालं तरी नशीब. त्यात टेकू बांधताना ठोकलेले खिळे आणि सालीत रुतलेल्या तारा. करवत गिरणीवाला असा ओंडका पात्यावर घेत नाही, घेतलाच तर तुटलेल्या पात्याचे पैसे लावतो.

ओढून काढण्याचा खर्च तर कोणी धरतच नाही. जून ते सप्टेंबर वाडीत ट्रॅक्टर घातला की ओली माती दबते आणि उभ्या कलमांची वरची मुळं चिरडतात. त्यापेक्षा उतारावर समपातळीत ओंडके आडवे टाका. आठ-दहा फुटांचे तुकडे करा, खालच्या अंगाला दर तीन फुटांवर खुंट्या ठोका. ओंडका पूर्ण लांबीत मातीला टेकला पाहिजे. फट राहिली तर पाणी खालून बोगदा पाडतं आणि होती ती मातीही घेऊन जातं. म्हणून वरच्या अंगाला माती आणि पातेरा (वाळका पाला) दाबून भरा. जांभ्याच्या उतारावर माती मुळात वीतभर, ती धरून ठेवणं हाच लाकडाचा सर्वांत मोठा भाव.

माडपोफळ:
पातेरा, तुमचा सल्ला आंब्यापुरता ठीक आहे. माडाचं खोड असं ठेवलंत तर शेजाऱ्याच्याही वाडीचं वाटोळं होईल. गेंड्या भुंगा कुजणाऱ्या माडाच्या खोडात अंडी घालतो. अळी त्यात काही महिने पोसते आणि बाहेर पडलेला भुंगा उभ्या माडाचा कोंब पोखरतो. नवीन झाप उलगडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते, ती याचीच खूण. ताज्या तुटलेल्या खोडाच्या वासावर सोंड्या भुंगाही येतो आणि तो माड मारूनच थांबतो.

खालचा जून भाग साकवाला (ओढ्यावरच्या छोट्या पुलाला) वापरा. बाकीचं खोड उभं चिरा, मधला मऊ भुसभुशीत गाभा काढून टाका आणि बाहेरच्या कडक पट्ट्या जमिनीपासून वर, हवेशीर रचा. खोड चिरून सुकलं की भुंग्याला त्यात थारा नाही. पोफळीचं खोड उभं फाडून पन्हळी आणि मांडवाच्या रिपा होतातच, तिथे वाद नको.

एकच काडी:
एवढा खटाटोप कशाला? ढीग करा आणि पेटवा. भुंगा, वाळवी, भिरूड (खोड पोखरणारी अळी) सगळं एका दिवसात संपतं.

माडपोफळ:
ओला माड पेटत नाही. साल काळी पडते आणि आतला गाभा ओलाच राहतो, म्हणजे किडीला हवं ते उरतंच. शिवाय मोठ्या ढिगाची धग उभ्या झाडाच्या मुळांना लागते. फांदी वाळायला लागल्यावर ते कळतं, तेव्हा उपाय उरलेला नसतो. आधी चिरून सुकवा. मग जाळायचंच असेल तर मोकळ्या कातळावर, थोडं थोडं.

शिक्का:
सगळेच कुऱ्हाड घेऊन निघालात, म्हणून कायद्याचं सांगतो. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, चिंच यांच्यासोबत आंबा आणि फणसही आहेत. वाऱ्याने पडलेल्या झाडाची परवानगी नाकारली जात नाही, पण मागावी लागते. तोडायच्या आधी मुळासकट उपटलेल्या झाडाचे फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. नुकसानभरपाईलाही तोच कागद लागतो. खोडाचे तुकडे झाल्यावर झाड वाऱ्याने पडलं की तोडलं, हे कसं दाखवणार? वाहतुकीचा परवाना कोणत्या जातीला लागतो ते वन खात्याच्या रेंज ऑफिसात विचारा. कोळसा करून नेला तरी सुटका नाही, वन कायद्यात कोळसा लाकडाच्याच पंक्तीत बसतो.

रायवळ:
शिक्कांचा मुद्दा मान्य. पातेरांचा अर्धाच मान्य. कलमाच्या फांद्या खुशाल बांधाला घाला. पण चार फुटांपेक्षा जास्त घेर असलेलं रायवळाचं खोड मातीत घालणं म्हणजे नासाडी आहे. ट्रॅक्टर जात नसेल तर खोड जागेवरच कापून फळ्या डोक्यावरून काढता येतात. कापायचं यंत्र आणण्याआधी त्याच्या परवान्याचंही विचारा. फक्त उशीर नको. आंब्याचं लाकूड पावसात पडून राहिलं की काही आठवड्यांत निळं-काळं पडतं, मग भुसा पाडणारा किडा शिरतो. कापल्या कापल्या ओल्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा आणि काही आठवडे प्लास्टिकखाली झाकून ठेवा, म्हणजे औषध आत मुरतं. नंतर पट्ट्या घालून सावलीत रचा. ही फळी घरातच वापरायची. पावसात ठेवली की औषध धुऊन जातं.

पातेरा:
फळी होईल, पण आंब्याच्या फळीला खोक्यांपलीकडे किती गिऱ्हाईक आहे? मजुरी, औषध आणि वर्षभराची जागा धरली की हिशोब फणसाचाच बसतो. फणस बाहेर काढा म्हणालात तर मी विरोध करणार नाही, खैर तर नाहीच नाही, चिपळूणजवळच्या सावर्ड्याला पानात घालायच्या कातासाठी तो लागतोच. आंब्याबद्दल माझं मत तेच आहे. वाळवीचा धोका आहे हे मात्र सांगायलाच हवं. ओंडका उभ्या कलमाच्या बुंध्यापासून दहा फूट तरी लांब ठेवा आणि त्यावरची सैल साल उतरवून टाका.

माडपोफळ:
कापणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. आडव्या झाडाच्या मुळांचा गड्डा उभा राहिलेला असतो. खोड कापलं की तो झटक्यात परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे माणूस असता कामा नये, विशेषतः पोरं. दोन टोकांवर टेकलेल्या खोडाला आधी वरून एक तृतीयांश काप द्या, मग खालून. उलटं केलं तर खोड चिरफाळतं. वरूनच पूर्ण कापत गेलात तर चीर मिटून करवत अडकते, मग ती ओढून काढायच्या नादात हात जातो.